न पाहिलेल्या सिनेमाविरुद्धचं पत्रक

डॉक्टर, मी सिनेमा बघितला.

काल दुपारी, तुमच्या पुढच्या खोलीत. तुमची खुर्ची रिकामी होती, पण तिच्यात बसायचा धीर झाला नाही, म्हणून शेजारी कार्पेटवर बसलो. अठ्ठेचाळीस मिनिटांचा सिनेमा. तुम्हाला जाऊन बावीस दिवस झाल्यावर मी तेवढा वेळ काढला. तुम्ही हयात होतात, हॉलमध्ये तो चालू होता, मी त्याच हॉलच्या दारात उभा होतो, तेव्हा काढला नाही.

इथल्या मराठी मंडळानं तुमच्यावर लिहायला सांगितलंय. तुमचा जन्म, नागपूरचं मेडिकल कॉलेज, लेस्टरच्या हॉस्पिटलातली वर्षं हे सगळं सेक्रेटरी लिहितील, त्यांच्याकडे फाइल आहे. माझ्याकडे फक्त एक भांडण आहे. ते अर्धवट राहिलं, आणि त्यात मी जे केलं ते इथे सगळ्यांसमोर सांगितल्याशिवाय तुमच्याबद्दल एकही चांगलं वाक्य लिहायचा मला अधिकार नाही.

तुमच्या घरी मी भाड्यानं राहायला आलो तेव्हा माझ्या बॅगेत कपड्यांपेक्षा कागद जास्त होते. तुम्ही विचारलंत, "हे काय, इथे छापखाना काढतोस काय?" मी अभिमानानं सांगितलं होतं की आमचा छापखाना आहेच, इचलकरंजीला. बाबांनी तीस वर्षं यंत्रमाग कामगारांची पत्रकं छापली. मी अक्षरं शिकलो ती त्या पत्रकांवर. पहिलं वाचलेलं वाक्य 'कामगार बंधूंनो' असं होतं, हे मी तुम्हाला बहुतेक पहिल्याच आठवड्यात ऐकवलं असेन. आणि मग बॅगेतून ते पुस्तक काढलं. 'वेदनाबंदी'. शंभर पानांची कादंबरी, कागद पिवळा पडलेला. बाबांच्या छापखान्यात छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या एका माणसानं आणीबाणी उठल्यावर दोन वर्षांनी लिहिलेली, बाबांनीच छापलेली. तो माणूस केव्हाच गेला. तीनशे प्रती काढल्या होत्या, त्यातल्या दोनशे कसर लागून गेल्या.

तुम्ही ती मागच्या काचेच्या खोलीत बसून दोन दिवसांत वाचलीत.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी गोष्ट सांगायला हवी. एक शहर आहे. तिथल्या सरकारनं दुखण्यावर बंदी घातली आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला प्रत्येकानं केंद्रावर जाऊन सुई टोचून घ्यायची. मग काही दुखत नाही. हात यंत्रात गेला तरी दुखत नाही, पोर मेलं तरी दुखत नाही. आणि दुखत नाही म्हणून रागही येत नाही. त्या केंद्रावर सुया टोचणारा दामू कंपाउंडर हा कादंबरीचा नायक. शेवटी तो भर चौकात सगळ्या कुप्या फोडतो, स्वतःचं नाव मोठ्यानं सांगतो आणि गोळी खाऊन मरतो.

पुस्तक मिटून तुम्ही म्हणालात, "पस्तीस वर्षं मी हेच केलं. माणसांना भूल दिली. कोणी माझ्यावर कादंबरी लिहील असं वाटलं नव्हतं."

आणि आठवडाभरात म्हणालात, याचा सिनेमा करायचा.

मला ते वेड आवडलं होतं, डॉक्टर. हे मी कधी सांगितलं नाही. निवृत्त माणसं बाग करतात, क्रूझवर जातात. तुम्ही हँडीकॅम घेतलात, बंद पडलेल्या मोज्यांच्या कारखान्याची चावी कुठून कुठून मिळवलीत, मंडळातल्या अर्ध्या लोकांना बधिर नागरिक व्हायला तयार केलंत. बेलग्रेव्ह रोडवर साड्यांचं दुकान असलेल्या तुमच्या शेजारच्या जयंतीभाईंना केंद्रप्रमुख केलंत. त्यांनी विचारलं, मराठी डायलॉग मला कसे जमणार? तुम्ही म्हणालात, "सरकारला लोकांची भाषा नीट येत नसतेच. तसंच बोला."

मी फोन करून बाबांची परवानगी मागितली. बाबा म्हणाले, दे, पण शेवटाला हात लावायचा नाही म्हणावं. तो माणूस त्या शेवटासाठी माझ्याशी भांडला होता. मी तुम्हाला तसंच सांगितलं. तुम्ही म्हणालात, "बघतो."

आपल्याकडे 'बघतो' म्हणजे काय, हे मला कळायला हवं होतं. मी तो होकार समजलो. तुम्हाला थेट नाही म्हणायचं नव्हतं.

मार्चमध्ये तुम्ही हातानं लिहिलेलं स्क्रिप्ट माझ्यापुढे ठेवलंत. तुमच्या दामूनं कुप्या फोडल्या नव्हत्या. त्यानं त्या गुपचूप रिकाम्या करून त्यात पाणी भरलं होतं. महिनोन्‌महिने तो लोकांना नुसतं पाणी टोचत राहतो, कोणाला कळत नाही. हळूहळू एकेकाला दुखायला लागतं. दामू पकडला जात नाही, मरत नाही, त्याचं नाव कोणालाही ठाऊक होत नाही. शेवटच्या पानावर एक बाई केंद्रातल्या बाकावर बसलेली आहे. पुढे तुमच्या डॉक्टरी अक्षरात तीनच शब्द होते: बाई जागी होते.

त्या दिवशी तुम्ही नवरा-बायको स्वयंपाकघरात होतात, शैलाकाकू थालीपीठ लावत होत्या. मी ते कागद ओट्यावर आपटले. म्हणालो, हा तर सरकारी नोकरी सांभाळून क्रांती करणारा दामू आहे, पेन्शनीसकट. तुम्ही हसलात. तुम्हाला बोललेलं लागलं नाही हे बघून मी आणखी चिडलो.

तुम्ही शांतपणे समजावत होतात. "कुप्या फोडल्या तर दुसऱ्या दिवशी नव्या येतात रे. आणि भूल अशी एकदम उतरवून चालत नाही. झोपवणं सोपं असतं. उठताना माणसाच्या उशाशी कोणीतरी लागतं. तुझा दामू गोळी खाऊन मोकळा झाला. त्या लोकांच्या उशाशी कोण थांबणार?"

मग तुम्ही तुमच्या कामाची रीत सांगितलीत. ऑपरेशन संपलं की सर्जन हातमोजे काढून निघून जातो. भूल देणारा थांबतो. पेशंट डोळे उघडतो तेव्हा त्याला त्याचं नाव विचारायचं. तुम्ही विचारायचात, "व्हॉट्स युवर नेम, मी डक?" 'मी डक' म्हणजे 'माझ्या बदका', इथली माणसं एकमेकांना लाडानं हाक मारतात तसं. नाव नीट सांगितलं की मगच तुम्ही खोली सोडायचात. दुसऱ्या दिवशी पेशंट सर्जनला फुलं द्यायचा. तुमचा चेहराही त्याला आठवायचा नाही. ते तुम्ही तक्रार म्हणून सांगत नव्हतात. तुम्हाला ते आवडायचं.

तेव्हा मी जे बोललो ते इथे लिहितो. "तुम्ही आयुष्यभर या देशात मान खाली घालून नोकरी केलीत, म्हणून तुम्हाला असा शेवट सुचतो."

काकूंनी गॅस बंद केला. तुम्ही कागद गोळा केलेत, कडा जुळवल्यात, आणि म्हणालात, "थालीपीठ खाऊन घे."

मी खाल्लं नाही. पुढच्या शनिवारी दुसरीकडे खोली घेतली. दामूचं काम मी करणार होतो, तेही सोडलं. अडुसष्टाव्या वर्षी, गुडघ्याला पट्टा बांधून, तुम्ही स्वतः दामू झालात हे मला नंतर कळलं. चार महिने मी तुमच्याशी बोललो नाही. दोनदा तुमचा फोन आला होता. मी उचलला नाही.

सिनेमा मंडळात दाखवायचं ठरलं तेव्हा मी तेच केलं जे मला येतं. पत्रक काढलं.

ते माझ्यासमोर आहे. चांगलं लिहिलंय, हीच त्यातली शरमेची गोष्ट. मथळा: 'एका कामगाराच्या शेवटाचा खून'. आत लिहिलंय की मृत लेखकाच्या इच्छेविरुद्ध शेवट बदलला आहे आणि हा बदल प्रेक्षकांपासून लपवला जात आहे. लिहिलंय की 'या चित्रपटात अठ्ठेचाळीस मिनिटांत एकही माणूस आवाज चढवत नाही'. मिनिटं मी मंडळाच्या ईमेलमधून घेतली होती. खाली सही: आपले, समविचारी प्रेक्षक.

लायब्ररीच्या मशीनवर शंभर प्रती काढल्या आणि त्या रविवारी दुपारी शाळेच्या हॉलच्या दारात उभा राहिलो. आपली माणसं मला ठाऊक होती. एखाद्याच्या विरोधात जायला ती कचरतात, आणि एखाद्याच्या बाजूनं उभं राहायलाही तितकीच. वाद आहे म्हटलं की ती चहाच्या टेबलाकडे सरकतात. तसंच झालं. साठ-पासष्ट माणसं आली होती. कागद वाचत वाचत ती कॉरिडॉरमध्ये बटाटेवड्यांपाशी थांबली, हवापाण्याचं बोलत राहिली. कोणी तुम्हाला वाईट म्हटलं नाही. आत मात्र तेराच जण गेले. सेक्रेटरी मला म्हणाले, "घरातलं भांडण दारात कशाला आणलंस रे?" मी म्हणालो, हा तत्त्वाचा प्रश्न आहे.

मग तुम्ही बाहेर आलात. कोट घातला होतात. माझ्या हातातला एक कागद घेतलात, चष्मा वर केलात, पूर्ण वाचलात. मी वाट बघत होतो की तुम्ही रागवाल. माझी सगळी उत्तरं तयार होती.

"हे 'समविचारी' कोण कोण आहेत?" तुम्ही विचारलंत.

मी आत येणाऱ्या एका बाईंच्या हातात कागद दिला.

"बरं. आणि प्रेक्षक? बघितलास काय तू?"

"स्क्रिप्ट वाचलंय मी."

"मग आत ये. बघ. त्यानंतर बाहेर येऊन वाट. उरलेले मी वाटू लागतो तुला."

मी म्हणालो, बघणं म्हणजे मान्यता देणं. हे वाक्य मी कुठून आणलं देव जाणे. तुम्ही क्षणभर माझ्याकडे बघितलंत, कागदाची घडी करून कोटाच्या खिशात ठेवलीत, आणि आत जाऊन दिवे बंद केलेत.

सिनेमा संपल्यावर ते तेरा जण बाहेर आले. सगळे माझ्याकडे बघत होते. त्यातले एक म्हातारे गृहस्थ, शेजारच्या लफबरा गावाहून आलेले, माझ्यासमोर थांबून म्हणाले, "पुस्तक तुमच्याकडे आहे ना?" मला वाटलं, टोमणा आहे. मी म्हणालो, "पुस्तक आहेच. लाज मात्र तुमच्यापैकी कोणाकडे नाही." ते गोंधळून निघून गेले. हे वाक्य, डॉक्टर, मला आता रोज ऐकू येतं.

तीन आठवड्यांनी तुम्ही गेलात. सकाळी बागेत, खुर्चीत, हातात पेपर. मला मंडळाच्या ईमेलवरून कळलं.

मी घरी यायला परवापर्यंत थांबलो. गर्दीत यायचं नव्हतं, लोकांनी माझ्याकडे बघू नये असं वाटत होतं. काकूंनी दार उघडलं. मी तिथेच, बुटांच्या स्टँडपाशी, बोलायला लागलो की माझ्यामुळे झालं, माझ्यामुळे त्यांच्या जिवाला लागलं. काकूंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुझ्यामुळे नाही गेले ते. एवढा मोठा नाहीस तू."

तुम्हीसुद्धा मला इतकं नेमकं कधी बोलला नव्हतात.

"पण सिनेमा बघ," त्या म्हणाल्या. "तो बघितल्याशिवाय इथे रडायचं नाही. उद्या दुपारी ये."

काल गेलो. त्यांनी डीव्हीडी लावून दिली आणि स्वतः स्वयंपाकघरात गेल्या. दारही लावून घेतलं. तेव्हा मला त्याचं कारण कळलं नाही.

सिनेमा खूप चांगला आहे असं मी म्हणणार नाही, तुम्हाला खोटं आवडायचं नाही. कॅमेरा हलतो. जयंतीभाई केंद्रप्रमुख म्हणून धमकी देतानाही गिऱ्हाइकाला बसा म्हणतात तसं बोलतात, आणि त्यामुळेच खरोखर भीती वाटते. कारखान्याच्या फुटक्या खिडक्यांतून येणारा तो करडा उजेड तुम्ही कुठे शिकलात? आणि तुमचे हात. कुपीत पाणी भरणारे तुमचे हात तुम्ही इतक्या जवळून घेतले आहेत की माणूस पाणी भरतोय की प्रार्थना करतोय ते कळत नाही. स्क्रिप्टमध्ये तिथे 'दामू पाणी भरतो' एवढंच होतं.

मग शेवट आला. बाकावरची बाई. काकू. दामू समोर उभा. ती डोळे उघडते, आपल्या हाताकडे बघते, आणि ओरडते.

डॉक्टर, मी ते मोजलं. परत मागे नेऊन मोजलं. एक मिनिट दहा सेकंद. मध्ये श्वास घेते आणि पुन्हा ओरडते. काकूंनी स्वयंपाकघराचं दार का लावून घेतलं ते तेव्हा कळलं. तुम्ही कॅमेरा हलवला नाहीत, संगीत घातलं नाहीत. दामू तिच्याजवळ खाली बसतो आणि थांबतो. नुसता थांबतो. ती शांत झाल्यावर विचारतो, "नाव काय तुमचं?" ती सांगते. सिनेमा संपतो.

एकही माणूस आवाज चढवत नाही, असं मी छापलं होतं. मी तीन शब्द वाचले होते. बाई जागी होते. कागदावर वाढलेल्या माणसाला वाटतं की कागदावर आहे तेवढंच असतं.

आणि त्यानंतर, काळ्या पडद्यावर, पांढऱ्या अक्षरांत: 'मूळ कादंबरीचा शेवट वेगळा आहे. तो लेखकाच्या इच्छेविरुद्ध बदलला आहे. ही जबाबदारी सर्वस्वी माझी.' खाली तुमचं पूर्ण नाव. त्याखाली बाबांच्या छापखान्याचं नाव, गाव. आणि मग शेवटची ओळ: 'मूळ शेवट अवश्य वाचावा. पुस्तक सुहासकडे आहे. तो बाहेर भेटेल.'

तो बाहेर भेटेल.

ही ओळ तुम्ही कधी घातलीत? मी पत्रक वाटणार हे तुम्हाला आधीच माहीत होतं का? काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, सेक्रेटरींनी दोन दिवस आधी फोन करून सांगितलं होतं की असं असं कानावर आलंय, त्याला येऊ द्यायचं का? तुम्ही म्हणाला होतात, येऊ दे, तो नाही आला तर लोकांना पुस्तक कोण दाखवणार. आणि सिनेमाची जुळणी करून देणाऱ्या मंडळातल्या आयटीवाल्या जोडप्याकडे जाऊन ही शेवटची ओळ वाढवून घेतलीत.

लफबराचे ते गृहस्थ माझ्याकडे पुस्तक मागायला आले होते. ते तेराच्या तेरा जण माझ्याकडे बघत होते कारण तुम्ही त्यांना माझ्याकडे पाठवलं होतंत. त्या दारात मी तुमच्याविरुद्ध उभा होतो, आणि तुम्ही मला तुमच्या सिनेमाच्या शेवटात जागा दिली होतीत. मी तिथे उभा राहून त्यांना हाकललं.

काकूंना मी आणखी एक विचारलं. ते ओरडणं कसं जमलं तुम्हाला? त्या ओढणीनं हात पुसत होत्या. म्हणाल्या, "हे म्हणाले, काहीतरी जुनं दुःख आठव. मी काहीच नाही आठवलं. छत्तीस वर्षं या देशात हळू बोलले रे. भिंती पातळ असतात ना इथल्या, शेजाऱ्यांना ऐकू जातं. तिथे कारखान्यात शेजारी नव्हते."

मान खाली घालून नोकरी केलीत, असं मी तुम्हाला म्हणालो होतो. त्या वेळी गॅस कोणी बंद केला हे मी बघितलं होतं. का बंद केला हा विचार मी केला नव्हता.

आता एक ऐका. मला अजूनही तुमचा शेवट पटलेला नाही. गुपचूप पाणी भरून सरकारं पडत नाहीत. इराकच्या युद्धाविरुद्ध आम्ही लाखोंनी लंडनच्या रस्त्यावर चाललो, तरी काही थांबलं नाही. त्यावर तुम्ही म्हणाला असतात, बघ, मी तेच तर म्हणतो. आणि मी म्हणालो असतो, मग काय घरी बसायचं? त्या दामूनं कधीतरी स्वतःचं नाव मोठ्यानं सांगायलाच हवं होतं, ज्यांना त्यानं जागं केलं त्यांना ते कळायला हवं होतं. हे मी तुमच्यासमोर बसून, तुमच्या हँडीकॅमची, हातांची, काकूंच्या त्या मिनिटाची साक्ष काढून म्हणालो असतो तर ते भांडण झालं असतं. बघितल्यानंतरचं भांडण. ते तुम्ही मला देत होतात, दारात उभं राहून, उरलेली पत्रकंसुद्धा वाटून द्यायला तयार होऊन. मी ते घेतलं नाही. आता हे सगळं एकट्यानं बोलतो तर समोरून तुमच्या नागपुरी बोलीत 'काहून रे?' असं कोणी विचारत नाही.

काल बाबांना फोन केला, सगळं सांगितलं. शेवट बदलल्याबद्दल ते काही बोलले नाहीत. त्यांनी एकच विचारलं: पत्रकाखाली कोणाचं नाव घातलंस? मी सांगितलं. तीस वर्षं आमच्या छापखान्यातून एकही पत्रक नावाशिवाय बाहेर पडलं नाही. पोलीस आले तेव्हाही नाही. मी परदेशात येऊन काढलेलं पहिलं पत्रक 'समविचारी' माणसांच्या नावानं काढलं. त्यांच्यातलं कोणीही अस्तित्वात नव्हतं.

येत्या रविवारी मंडळ 'वेदनाबंदी' पुन्हा दाखवतंय. त्याच हॉलमध्ये, दुपारी. मी दारात असेन, तुम्ही सांगितलंत तिथेच. मंडळासाठी लिहिलेला हा लेख मी तिथे वाटणार आहे, पाठीला कादंबरीचं शेवटचं प्रकरण टाचून. लफबराच्या त्या गृहस्थांचा पत्ता सेक्रेटरींकडून घेतलाय, त्यांना आज सकाळी पुस्तकच पाठवलं. माफीची चिठ्ठी आत आहे.

तुमच्या कोटाच्या खिशातलं ते घडी केलेलं पत्रक काकूंनी मला परत दिलं. मागच्या बाजूला तुमच्या अक्षरात तीन तारखा लिहिल्यात, पुढच्या तीन रविवारांच्या, आणि समोर: सुहासला जेवायला. एकाही तारखेवर काट मारलेली नाही. तुमच्या मनात फोन करायचं होतं की तुम्ही माझ्या फोनची वाट बघत होतात, ते मला कळायचं आता साधन नाही.

शेवटचा कागद वाटून झाला की या वेळी मी आत येणार, डॉक्टर. काकूंच्या शेजारी बसणार. त्या म्हणाल्यात, त्याही या वेळी हॉलमध्येच बसतील. बाहेर आल्यावर कोणी माझ्याशी भांडलं तर भांडेन. पण बघितलेल्यांशीच.

आणि पेशंटच्या उशाशी तुम्ही ज्याच्यासाठी थांबायचात ते हे खाली लिहितो. उशीर झाला आहे, पण स्वतःचं आहे.

सुहास बाळकृष्ण तोडकर,
प्रेक्षक.